किंमत सारखी, माप वेगळे

बारावीचा निकाल लागतो, अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या आटोपतात आणि व्यापारी घरांतून एक नवा प्रश्न जेवणाच्या वेळी निघू लागतो : मुलाला लॅपटॉप कोणता घ्यावा? दिघीसारख्या ठिकाणी हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. १९९४ साली स्थापन झालेली आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथेच आहे. आळंदी, पिंपरी आणि आकुर्डीच्या महाविद्यालयांत येथील अनेक मुले शिकतात, आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांत यंत्राचा प्रत्येक भाग आधी संगणकाच्या पडद्यावर आकार घेतो. त्यामुळे 'गेमिंग लॅपटॉप' म्हणून विकले जाणारे यंत्र केवळ खेळासाठी मागितले जात नाही. त्रिमितीय आरेखनालाही तशाच चित्रप्रक्रियेची शक्ती लागते.

आळंदी रस्त्यावर हार्डवेअरचे दुकान असलेले एक प्रातिनिधिक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. नातवाला मेकॅनिकल शाखेत प्रवेश मिळाला आहे आणि त्याने दोन यंत्रे निवडून ठेवली आहेत. दोन्हींची किंमत सुमारे एक लाख. दोन्हींवर जीफोर्स आरटीएक्स ४०६० ही एकच चित्रप्रक्रिया चिप, दोन्हींत १६ जीबी मेमरी. नातू म्हणतो, "आजोबा, दोन्ही सारखीच आहेत. रंग आवडेल तो घेऊ." दुकानात आयुष्य काढलेले आजोबा मान हलवतात, "एकाच भावात दोन माल सारखे कधीच नसतात. कात्री कुठे लागली आहे ते आधी शोध."

या एका वाक्यात सगळ्या खरेदीचे सार आहे. अर्ध्या इंचाचा जी.आय. पाइप तीन वर्गांत येतो : हलका, मध्यम आणि जड. नाव तेच, व्यास तोच, पण पत्र्याची जाडी आणि वजन निराळे. म्हणून तर त्यावर पिवळा, निळा आणि लाल पट्टा असतो. लॅपटॉपच्या चिपवर असा पट्टा नसतो. आरटीएक्स ४०६० या लॅपटॉप चिपसाठी एनव्हिडिया कंपनीनेच ३५ ते ११५ वॅट अशी विस्तृत कक्षा ठेवली आहे. तिला किती वीज द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. वीज जितकी कमी, तितका साधारणपणे कामाचा वेग कमी. खोक्यावर मात्र नाव एकच असते. कंपनीच्या तपशीलपत्रात 'टीजीपी' या शीर्षकाखाली हा आकडा शोधावा लागतो. तेथे तो नसेल, तर दुकानदाराकडून लिहून मागावा.

नातू तपशील काढतो, तेव्हा चित्र स्पष्ट होते. पहिल्या यंत्राची चिप ११५ वॅटची, पण पडदा मंद आहे : प्रकाश २५० निट्स आणि रंगांची व्याप्ती 'एनटीएससी ४५ टक्के'. मेमरी एकाच पट्टीत आहे, आणि चार्जर धरून दप्तराला तीन किलोंचा भार. दुसऱ्याची चिप ७५ वॅटची, पण पडदा ४०० निट्सचा आणि 'एसआरजीबी १०० टक्के' रंगांचा, मेमरी आठ-आठच्या दोन पट्ट्यांत, आणि वजन बरेच कमी. एका कंपनीने पडद्यावर कात्री चालवली, दुसरीने वेगावर. यात फसवणूक कोणाचीच नाही. लाखाच्या मर्यादेत सर्व काही बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पुढचा प्रश्न अधिक मोलाचा आहे : राहिलेली उणीव नंतर भरून काढता येते का? मेमरीची दुसरी जागा रिकामी असेल, तर आणखी एक पट्टी बसवता येते आणि दोन पट्ट्या मिळून काम जलद होते. साठवणुकीचेही तसेच. मात्र काही यंत्रांत मेमरी मुख्य फलकालाच डाख देऊन बसवलेली असते. तेथे ही सोय नाही. पडदा, चिपची वीज, गरम हवा बाहेर टाकण्याची रचना आणि वजन या गोष्टी विकत घेतल्या त्या दिवशी ठरतात, त्या कायमच्या. म्हणून तुलना करताना दोन रकाने करावेत : पुढे सुधारता येणारे आणि कधीच न सुधारणारे. निर्णय दुसऱ्या रकान्यावरून घ्यावा. वॉरंटीत दुरुस्ती घरी येऊन होते की यंत्र सेवाकेंद्रात न्यावे लागते, हेही त्याच वेळी विचारावे. आणि वाणिज्य शाखेच्या मुलाला टॅली व एक्सेलसाठी असे यंत्र मुळीच लागत नाही, हे सांगायला संकोच नको.

आता पैशांचा भाग. 'नो कॉस्ट ईएमआय' या शब्दांनी अनेक जाणती माणसेही भुलतात. व्याज शून्य टक्के ही संकल्पनाच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्यवहारात विक्रेता व्याजाएवढी सूट देतो आणि बँक तेवढेच व्याज लावते. समजा, दर वार्षिक १५ टक्के आहे आणि लाखाचे बारा समान हप्ते पडतात. तर त्यात सुमारे ७,६७० रुपये व्याज दडलेले असते. क्रेडिट कार्डावर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १,३८० रुपये, वर पडतो. प्रक्रिया शुल्क निराळे. रोखीने घेणाऱ्याने म्हणूनच सरळ विचारावे, "हप्ता नको, तेवढी सूट द्या." शैक्षणिक कर्ज घेतलेच असेल, तर अभ्यासक्रमासाठी आवश्यक संगणकाचा वाजवी खर्च त्यात धरता येतो का, हे बँकेत विचारून घ्यावे.

बिलाच्या वेळी खरी कसोटी लागते. कोणीतरी सुचवते, "बिल फर्मच्या नावाने घ्या." १८ टक्के कर धरून लाखाची किंमत असेल, तर त्यात कर १५,२५४ रुपये होतो. तेवढे इनपुट क्रेडिट मिळाले तर काय बिघडले? बिघडते ते असे : वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूवर हे क्रेडिट घेण्यास केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ची मनाई आहे. वस्तू अंशतः धंद्यासाठी वापरली जात असेल, तर तेवढ्याच भागापुरते क्रेडिट मिळते. आणि कायद्याच्याही आधी व्रत आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये खोट्या मापांच्या जोडीला विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन, सांगितले आहे. कंपनीच्या मापात वॅट शोधणाऱ्या कुटुंबाने स्वतःचे माप खोटे ठेवले, तर मुलाला कोणता धडा मिळेल?

आजींची शंका निराळीच असते : या यंत्रावर माणसे मारण्याचे खेळ होणार का? नातू हसून म्हणतो, "आजी, ते खोटे असते." आजी यशोधर राजाची कथा सांगतात. आईच्या आग्रहावरून त्याने पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला आणि मारण्याच्या भावामुळे जन्मोजन्मी तिर्यंचगतीत भटकला. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या यशस्तिलकात हीच कथा आहे. खेळ म्हणजे प्रत्यक्ष हिंसा, असे आजी म्हणत नाहीत. मन कशात रमते ते पाहा, एवढेच त्यांचे म्हणणे. शेवटी तडजोड होते : मोटारशर्यत, फुटबॉल आणि नगर उभारण्याचे खेळ चालतील, आणि तेही दिवसाला एका सामायिकाएवढे, म्हणजे ४८ मिनिटे.

गंमत अशी, की या मर्यादेने यंत्राचीही निवड सोपी होते. खेळ ४८ मिनिटांचा आणि आरेखन-वाचन सहा तासांचे असेल, तर ११५ वॅटचा पूर्ण वेग फारसा उपयोगी पडत नाही. डोळ्यांसमोर दिवसभर राहणार तो पडदा आणि खांद्यावर रोज बसणार ते वजन. नातू जरा हिरमुसतो, मित्राच्या यंत्रापेक्षा आपले थोडे मागे पडेल हे त्याला ठाऊक असते. तरी दुसऱ्या यंत्रावर बोट तोच ठेवतो. बिल वडिलांच्या वैयक्तिक नावाने होते. आजोबा खोक्यावरचा उत्पादनाचा महिना वाचतात, वॉरंटीची तारीख वहीत टिपून ठेवतात आणि दुकान उघडायला निघतात.