बाटली ओळखा, हात वाळू द्या

३१ जानेवारी २०२१. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरी गावी १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. उलट्या सुरू झाल्या, मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. सुदैवाने ती वाचली. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलमुळे लहानग्यांच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरू शकते. म्हणून छोटा घोटही घातक.

दुसरा धोका आगीचा.

सॅनिटायझरमधल्या ७० टक्के इथेनॉलची (अल्कोहोलची) वाफ ठिणगी मिळताच साधारण १७ अंशांनाही पेटते, आणि जयपूरच्या सी-स्कीम भागात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून सॅनिटायझर लावल्यावर हात कोरडे होईपर्यंत, २० ते ३० सेकंद, चोळावेत. मगच गॅस किंवा निरांजन पेटवावं. मळलेल्या, तेलकट हातांना साबण-पाणीच हवं.

घरातली बाटली आजच मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.