कामावर अपघात झाला तर पैसे कोण देणार? डब्ल्यूसी पॉलिसी आणि ईएसआयसी, सोप्या भाषेत

ज्यांना भाग ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय जरा रुक्ष वाटेल, पण दहा-पंधरा माणसांच्या छोट्या कंपनीत काम करत असाल तर शेवटपर्यंत थांबा. आयटी सर्व्हिसेस, आर्किटेक्ट, सीए, डिझाइन स्टुडिओ, सगळ्यांना हे लागू आहे. आपल्याकडे समज असा की कामगार भरपाई वगैरे फॅक्टरीवाल्यांसाठी, आपण तर एसीत बसून कीबोर्ड बडवतो. पण सर्व्हिस कंपनीतला प्रत्येक माणूस खुर्चीत बसलेला नसतो. कुणी साइटवर मोजमाप घेतो, कुणी केबल ओढतो, कुणी कंपनीची गाडी चालवतो.

माझ्या होस्टेलच्या एका मित्राचंच बघा. पगार २४,००० रुपये, काम नेटवर्किंगचं. चाकणच्या एका गोडाऊनमध्ये वायफायचा डबा बसवताना शिडीवरून पडला, मनगट फ्रॅक्चर. सहा आठवडे घरी. मालक म्हणाला, "मेडिक्लेम आहे ना, बिल भरलं की आपण." बिल खरंच भरलं गेलं. पण त्या सहा आठवड्यांचा पगार? तो कापला. मित्राचा फोन आला, "अरे, हे बरोबर आहे का?" त्याच्यासाठी जे शोधलं, तेच आज सांगतोय.

आधी रस्ता ठरवा: ईएसआयसी की भरपाई कायदा?

कामावरच्या दुखापतीसाठी दोन रस्ते आहेत आणि एका माणसाला एका वेळी एकच मिळतो.

पहिला ईएसआयसी. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कंपनीला ईएसआय लागू असेल, तर तुम्ही यात. मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, तुमचे ०.७५ टक्के कापले जातात. म्हणजे १८,००० पगारावर मालकाचे ५८५ आणि तुमचे १३५ रुपये. बदल्यात कामावर दुखापत झाली तर उपचार ईएसआयचे, आणि घरी बसावं लागलं तर साधारण ९० टक्के पगार.

दुसरा रस्ता ईएसआयच्या बाहेर असलेल्यांसाठी. हा १९२३ चा कायदा. आधी 'वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन', पुढे नाव बदलून 'एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन'. जुन्या नावामुळेच लोक अजून 'डब्ल्यूसी पॉलिसी' म्हणतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा विषय तिच्यात गेला, पण हिशोबाचा सांगाडा तोच आहे.

इथे भरपाई थेट मालकाने द्यायची असते. विमा नसेल तर स्वतःच्या खिशातून. म्हणजे डब्ल्यूसी पॉलिसी घेतली म्हणून जबाबदारी तयार होत नाही. जबाबदारी आधीपासून असतेच, पॉलिसी फक्त तिचं बिल भरते. "आम्ही विमा काढलाच नाही" हे उत्तर कायद्यात चालत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. कोणती कामं यात येतात याची यादी कायद्याला जोडलेली आहे. गाडी चालवणं, केबलची कामं, बांधकाम अशी जोखमीची कामं तिच्यात आहेत. नुसतं कोडिंग करणारा त्या यादीत सहज बसत नाही. म्हणून चांगल्या पॉलिसीत या कायद्यासोबत १८५५ चा फेटल अ‍ॅक्सिडेंट्स अ‍ॅक्ट आणि कॉमन लॉ खालची जबाबदारीही धरलेली असते. पॉलिसीच्या पहिल्या पानावर हे बघायचं.

किती मिळतात?

सूत्र सोपं आहे. मृत्यू झाला तर पगाराचे ५० टक्के गुणिले वयाचा फॅक्टर. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्के गुणिले तोच फॅक्टर. वय कमी तितका फॅक्टर जास्त, कारण पुढची कमाईची वर्षं जास्त.

गोम पगारात आहे. तुमचा पगार कितीही असो, हिशोबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात. २०२० पर्यंत हा आकडा ८,००० होता.

समजा वय २८, पगार ४०,०००. फॅक्टर २११.७९. मृत्यू झाला तर ७,५०० गुणिले २११.७९, म्हणजे १५,८८,४२५ रुपये. पूर्ण अपंगत्व आलं तर १९,०६,११०. वरून उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा.

आता मित्राचा हिशोब. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरा दिवसांना पगाराचे २५ टक्के. त्याचा पगार २४,०००, पण धरणार १५,०००. म्हणजे पंधरवड्याला ३,७५०, सहा आठवड्यांचे साधारण १०,५००. हे त्याच्या हक्काचे होते आणि मेडिक्लेममध्ये ते येतच नाहीत. आता गंमत बघा. २०,००० पगाराचा ईएसआयमधला मुलगा तसाच पडला असता तर महिन्याला १८,००० च्या आसपास मिळाले असते. आपल्या मित्राला पगार जास्त असून महिन्याला ७,५००. साडेएकवीस-बावीस हजारांवर पगार गेला की आनंद होतो, पण ईएसआयचा चालू कॉन्ट्रिब्युशन पीरियड संपला की हे संरक्षण बदलतं.

मालकाला खर्च किती?

प्रीमियम म्हणजे वर्षभराचा एकूण पगार गुणिले दर. दर कामाच्या जोखमीवर ठरतो: टेबलावर बसणाऱ्याचा कमी, शिडीवर चढणाऱ्याचा जास्त. प्रत्येक विमा कंपनीचा वेगळा, म्हणून दोन-तीन कोटेशन घ्यावीच. उदाहरणापुरतं धरू: साइटवर जाणारे तिघे, पगार प्रत्येकी २५,०००. वर्षाचे ९ लाख. दर १ टक्का धरला तर ९,००० आणि १८ टक्के जीएसटी, मिळून १०,६२०. वर एका अपघाताचा आकडा पंधरा-एकोणीस लाख आला होता. तुम्हीच ठरवा.

पैसे वाचवायला काही जण साइटवरच्या पोरांना 'ऑफिस स्टाफ' दाखवतात. क्लेमच्या वेळी विमा कंपनी हेच पहिलं तपासते. पगार कमी दाखवला तरी तीच कथा. आणखी दोन गोष्टी बघा: उपचाराचा खर्च बऱ्याचदा वेगळं अ‍ॅड-ऑन असतं, आणि कॉन्ट्रॅक्टरची माणसंही वेगळी जोडावी लागतात.

मोठे क्लायंट व्हेंडर फॉर्मवर डब्ल्यूसीची कॉपी का मागतात, तेही यातच आलं. क्लायंटच्याच धंद्यातलं काम कॉन्ट्रॅक्टरकडून करून घेताना माणूस जखमी झाला, तर तो थेट क्लायंटकडेही भरपाई मागू शकतो. क्लायंट मग ती कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करतो. त्यांना आपली काळजी असते म्हणून नव्हे, स्वतःच्या खिशाची असते.

कामावर जातानाचा अपघात?

२००३ साली महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा वॉचमन पहाटे ३ च्या ड्युटीला मोटारसायकलने निघाला होता. कारखाना साधारण ५ किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. खालच्या पातळीवर भरपाई मंजूर झाली, हायकोर्टात गेली, आणि २९ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला: घर ते काम हा प्रवास, वेळ-ठिकाण-परिस्थितीचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामाचाच भाग. कुटुंबाने बावीस वर्षं वाट पाहिली. नवीन संहितेत तर हे सरळ लिहूनच टाकलंय.

अपघात झालाच तर

मालक असाल तर त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा. भरपाई महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. दंड पॉलिसी भरत नाही, व्याजही बहुतेक वेळा वगळलेलं असतं.

मृत्यू झाला असेल तर पैसे आयुक्तांकडे जमा करायचे. घरच्यांच्या हातात पाकीट देऊन सही घेतली की झालं, असं नसतं.

आणि नोकरी करणारे तुम्ही असाल तर, "भरपाई मागणार नाही" असं लिहून घेतलं तरी तो कागद कायद्यात रद्दच आहे. कागदावर 'कन्सल्टंट' लिहिलं असेल तर मात्र आधी तुम्ही नोकरच होता हे दाखवावं लागेल. हजेरी, रजेचे मेल, कामाच्या सूचनांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज सांभाळून ठेवा. डॉक्टरांच्या पहिल्या कागदावर 'कामावर असताना पडला' हे लिहून घ्या.

माझ्या मित्राने एचआरला एक मेल टाकला, आकडेमोडीसकट. उत्तर यायचंय. तुम्ही उद्या ऑफिसात गेलात की एकच प्रश्न विचारा: "मी ईएसआयमध्ये आहे की डब्ल्यूसीमध्ये?" दोन्हीत नाही असं उत्तर आलं, तर हा भाग त्यांनाही पाठवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर शिडी कुणाला तरी धरायला सांगा!