नाशिकात न मिळालेली चव

इसवी सन ७२५ च्या आसपास एक कोरियन माणूस नाशिकला येऊन गेला असावा. ह्येचो त्याचं नाव. शिल्ला राज्यातला बौद्ध भिक्खू, वय जेमतेम विशीतलं. चीनहून समुद्रमार्गे तो भारतात आला आणि मध्य भारतातून तीन महिने दक्षिणेकडे चालत एका राजाच्या राजधानीत पोचला. आठशे हत्ती बाळगणारा हा राजा चालुक्य घराण्यातला, असं अभ्यासक मानतात. राजधानी कुठली यावर मात्र एकमत नाही. कुणी बदामी म्हणतं. पण ह्येचोच्या प्रवासाचे जे नकाशे कोरियन पुस्तकांत छापतात, त्यांत दक्षिणेतला ठिपका अनेकदा नाशिकवर असतो. नाशिककराने त्यातला आपल्या सोयीचा नकाशा निवडला तर त्याला कोण अडवणार?

ह्येचोने लिहिलेलं प्रवासवर्णन सुरुवात आणि शेवट हरवलेल्या अवस्थेत १९०८ मध्ये चीनमधल्या दुनह्वांगच्या गुहेत पॉल पेलिओ या फ्रेंच संशोधकाच्या हाती लागलं. आज ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. लेखक स्वतः चीनमध्येच वारला, मायदेशी परतलाच नाही. हस्तलिखित २०१० मध्ये सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्रदर्शनासाठी गेलं, तेही उसनं.

त्यात राजे, हत्ती, रस्ते यांच्या जोडीला जेवणखाणही आहे. इथले लोक भात, पोळ्या, सातू, तूप, दूध, दही खातात, मातीच्या मडक्यात रांधतात, लोखंडी हंडे वापरत नाहीत, असं त्याने टिपलं आहे. मीठ मिळतं हेही लिहिलं आहे. आणि त्याच दमात एक गोष्ट इथे मिळत नाही, अशी नोंद केली आहे. ती गोष्ट म्हणजे जांग. परमुलखात न मिळणारे पदार्थ शेकड्यांनी असतात, पण वहीत उतरतो तो जिभेला आठवणारा. दक्षिणेतल्या मुक्कामात त्याने घराच्या ओढीची एक कविताही लिहिली. तिच्यात जेवणाचा विषय नाही, पण मला ती त्या नोंदीला जोडूनच वाचावीशी वाटते.

जांग म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. शिल्लाच्या राजाने ६८३ मध्ये लग्नाच्या वेळी नवरीकडे गाड्या भरभरून जे सामान पाठवलं, त्यात तांदूळ, मद्य, तेल, मध यांच्यासोबत जांगही होतं, असं कोरियाच्या जुन्या इतिहासग्रंथात नोंदलेलं आहे. ह्येचोचा जन्म त्यानंतर वीसेक वर्षांनी झाला. आजही स्वस्तातलं कोरियन जेवण याच जांगवर उभं आहे.

ते कसं, हे बघायला नाशिकहून पुणं गाठायला हवं. रांजणगावला एलजीचा कारखाना आला, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२४ च्या जानेवारीत ह्युंदाईकडे गेला. कोरियन अभियंत्यांची वस्ती झाली तशा त्यांच्या जेवणाच्या जागाही झाल्या. अशा एखाद्या लहानशा जागी बसावं आणि मालिकांत बघून पाठ झालेलं, चुलीवरच्या मांसाचं महागडं पान उलटून पुढे जावं. खाली कुठेतरी द्वेन्जांग चिगे असते. द्वेन्जांग म्हणजे घट्ट जांग. चिगे म्हणजे त्याचा दाट रस्सा.

काळ्या जाड मातीच्या भांड्यात ती येते तेव्हा अजून रटरटत असते. तपकिरी पाणी, त्यात टोफूचे चौकोन, झुकिनीच्या चकत्या, कांदा, एखादी हिरवी मिरची. वास उग्र, पहिल्यांदा नाक थोडं मागे घेतं. चमचा तोंडात गेला की वाटतं, हाडं टाकून तासन् तास उकळलेलं काहीतरी आहे. प्रत्यक्षात सगळं जमायला पंधरा-वीस मिनिटं लागलेली असतात.

ही सगळी करामत आधीच झालेली असते. सोयाबीनमध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, पण अख्ख्या प्रथिनाला जिभेवर चव नसते. त्याचा रेणू फार मोठा पडतो. त्याचे तुकडे व्हावे लागतात. हिवाळ्याच्या तोंडावर सोयाबीन उकडून, कुटून त्याच्या विटा थापतात. या विटांना मेजू म्हणतात. भाताच्या पेंढ्याने बांधून त्या टांगून ठेवायच्या. पेंढ्यातले जिवाणू आणि हवेतली बुरशी त्यांवर वस्तीला येतात. वीट तडकते, पांढरी-करडी लव धरते, आणि आपल्याकडे कुठलीही आजी ती उचलून उकिरड्यावर टाकेल अशी दिसू लागते. मग ती मातीच्या रांजणात, मिठाच्या पाण्यात बुडवतात. वर कोळसा आणि सुक्या मिरच्या सोडतात. दीडदोन महिन्यांनी पाणी वेगळं काढलं की ते सोया सॉस आणि खाली उरलेला लगदा द्वेन्जांग. तो पुढे महिनोन् महिने मुरत राहतो. या सगळ्या काळात सूक्ष्मजीवांची विकरं प्रथिनं कातरत असतात, आणि त्यातून सुटतं ग्लुटामेट. मांसाच्या रश्शाला, पिकलेल्या टोमॅटोला जी भरीव गोडी असते, तिच्यामागेही हेच. टोकियोच्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ते वेगळं करून या चवीला 'उमामी' नाव दिलं, तेही १९०८ मध्येच, ह्येचोचं हस्तलिखित सापडलं त्याच वर्षी.

म्हणून हे जेवण स्वस्त पडतं. महागाचं काम फुकट करणारे कामगार रांजणात बसलेले असतात. स्वयंपाकघरात उरतं ते पाणी उकळणं आणि भाजी चिरणं. पुण्यात आयात केलेल्या जिनसांमुळे बिल थोडं चढतं, पण कोरियात टॅक्सीवाले, विद्यार्थी, एकटे राहणारे नोकरदार यांचं हे रोजचं जेवण आहे. या सगळ्या विद्येला २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. किमची घालण्याचा सामुदायिक सोहळा तिथे २०१३ मध्येच पोचला होता.

चिगेभोवती लहान वाट्या मांडल्या जातात: किमची, तिळाच्या तेलातला पालक, मोड आलेल्या सोयाबीनची भाजी. यांना बान्चान म्हणतात. त्यांचे पैसे सहसा लागत नाहीत, आणि संपल्या की पुन्हा मिळतात. मिसळीबरोबर रस्सा मागून घेणाऱ्या नाशिककराला यात नवल वाटू नये. सोलच्या छोट्या खानावळीत वाढणाऱ्या बाईला गिऱ्हाईक मावशी म्हणूनच हाक मारतं, तेही आपल्याला ओळखीचं. भात मात्र मोजका असतो. झाकणाच्या स्टीलच्या वाटीत तो येतो आणि त्या वाटीमागे सरकारी हुकूम आहे. तांदळाची टंचाई होती म्हणून १९७६ मध्ये सोल शहराने हॉटेलांतल्या वाटीचं माप ठरवून दिलं: व्यास साडेदहा सेंटिमीटर, उंची सहा, आणि तीही काठोकाठ भरायची नाही. टंचाई गेली, स्टीलची छोटी वाटी टिकली. ती हातात उचलून खाऊ नये, भात लांब दांड्याच्या चमच्याने खावा; सपाट धातूच्या काड्या भाज्यांसाठी.

न संपणाऱ्या भाताची गोष्ट ह्येचोनेही ऐकली होती, आणि तीही याच दक्षिणेत. डोंगर कोरून खांब काढलेला तीन मजली विहार, नागार्जुनाने यक्षांकरवी बांधवलेला. तिथे पंधरा माप तांदळावर रोज तीन हजार भिक्खू जेवत, आणि काढावा तितका तांदूळ पुन्हा भरे. द्रौपदीच्या थाळीची ही बौद्ध बहीणच. ह्येचो आला तेव्हा विहार ओस पडला होता. तीन मजले म्हटलं की वेरूळचं तीन ताल डोळ्यांपुढे येतं, पण तो मोह आवरलेला बरा, पुरावा नाही.

त्याला आजची किमची दाखवली असती तर तो बिचकला असता. तिला लाल रंग देणारी मिरची त्याच्या देशात पुढे जवळजवळ नऊशे वर्षं नव्हती. मिरची मूळची अमेरिकेतली. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, कोरियात सोळाव्या शतकाच्या शेवटाला पोचली. १६१४ च्या एका कोरियन ग्रंथात ती जपानकडून आलेली जहाल विषारी वस्तू म्हणून नोंदली आहे. म्हणजे आपण ज्याला अस्सल कोरियन तिखट समजतो, ते नंदुरबारच्या मिरचीइतकंच उपरं. ह्येचोच्या काळातलं अस्सल काही ताटात असेल, तर ते त्या तपकिरी पाण्यात.

शाकाहाऱ्यांनी मात्र विचारून घ्यावं. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क असतो, चिगेचं पाणीही सुक्या मासळीत उकळलेलं असू शकतं. कोरियन बौद्ध मठांतला स्वयंपाक मांस-मासळीच नव्हे, कांदा-लसूणही टाळतो. तिथली किमची बाराही महिने चातुर्मास पाळते.

ह्येचो आला तेव्हा दख्खनमध्ये सोयाबीन नव्हतं. आज महाराष्ट्र ते पिकवणाऱ्या देशातल्या पहिल्या दोन राज्यांत आहे, आणि लासलगावला कांद्याच्या जोडीने सोयाबीनचेही लिलाव होतात. तेल गाळून आपण पेंड कोंबड्यांना घालतो. आपली बहुतेक साठवण उन्हाच्या भरवशावर: कुरडई, सांडगे, पापड. आंबवणं रात्रभराचं, फार तर कुरडईच्या गव्हासारखं तीन दिवसांचं. कुजल्यासारखं दिसणारं काही आठवडेच्या आठवडे घरात टांगून ठेवायला जी थंडी लागते, ती आपल्याकडे फारशी नाही.

निफाड सोडून. द्राक्षवाल्यांची झोप उडवणारी तिथली थंडी मेजू टांगायला सोयीची पडेल. पुढे मार्च-एप्रिलच्या उन्हात रांजण कसा निभावेल, हे कुणीतरी एकदा करून बघायला हवं. सोयाबीन तालुक्यातलंच आहे, आणि मीठ तर ह्येचोच्या वेळेपासून मिळतं.