अण्णांच्या हेराल्डचे पाय

घनसावंगीला आमच्या घराच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात पूर्वी कडबा असे. १९७४ सालापासून मोटार राहते. फिकट निळ्या रंगाची, दोन दारांची, १९६७ सालची स्टँडर्ड हेराल्ड. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती औरंगाबादच्या एका बदली झालेल्या साहेबांकडून घेतली. तेव्हा औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व्हायचे होते आणि जालना हा जिल्हाही व्हायचा होता. तो झाला १ मे १९८१ ला. अण्णा गावचे डॉक्टर. रात्री-अपरात्री गोदाकाठच्या खेड्यांतून बोलावणे यायचे आणि ही गाडी काळ्या मातीच्या वाटांवरून डुलत डुलत निघायची. आजही जुनी माणसे तिला ‘डॉक्टरची गाडी’ म्हणतात.

लहानपणी मी शाळेत मैत्रिणींना सांगत असे, की आमची गाडी शर्यतीच्या गाडीची बहीण आहे. त्या हसत. पण ती थाप नव्हती बरे! हेराल्ड इंग्लंडात १९५९ साली निघाली आणि मद्रासला १९६१ पासून तयार होऊ लागली. तिचे रूप रेखाटले जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन कारागिराने. त्याच माणसाने, हेराल्डचीच हाडे घेऊन, ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन माणसांची स्पोर्ट्स कार रेखाटली. ती आली १९६२ साली आणि १९६५ साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात पहिली आली. पुढच्या चाकांची सारी ठेवण दोघींची एकच. फरक एवढाच, की तिच्या नशिबी शर्यती आल्या आणि हिच्या नशिबी बाळंतपणे.

तर ही गाडी गेली सहा वर्षे बंद होती. अण्णा आता पंच्याऐंशीचे आहेत. मी पुण्यात शिकवत होते, आता निवृत्त झाले. धाकटा भाऊ छत्रपती संभाजीनगरला असतो. त्याने पुण्याचा एक जुन्या मोटारींचा शौकीन गाठला होता आणि सौदा जवळजवळ ठरत आला होता. अण्णांनी हरकत घेतली नाही. एवढेच म्हणाले, “एकदा मला जांबला नेऊन आणा तिच्यातनं. मग काय वाटेल ते करा.”

जांब म्हणजे जांब समर्थ. समर्थ रामदासांचे जन्मगाव, आमच्याच तालुक्यातले. दर रामनवमीला अण्णा आम्हाला तिथे याच गाडीने नेत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या देवळातल्या मूर्ती चोरीला गेल्या, तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते. त्याच वर्षी त्या सापडल्या. पण परत आलेल्या मूर्तींचे दर्शन त्यांना घडले नव्हते. दुसऱ्या कुणाच्या गाडीतून जायला ते तयार नव्हते, आणि स्वतःच्या गाडीची ही अवस्था! २०२५ ची रामनवमी ६ एप्रिलला होती. मार्चच्या सुरुवातीला मी बॅग भरून घनसावंगीला आले.

इंजिनाने फार त्रास दिला नाही. ९४८ सी.सी.चे साधे सरळ इंजिन. पेट्रोलची टाकी धुतली, प्लग बदलले, बॅटरी नवी घातली, आणि खोकत खोकत ते चालू झाले. खरे दुखणे पायांत होते. बॉनेटच्या कोपऱ्यावर भार देऊन सोडले, तर गाडीने एकदा वर येऊन स्थिर व्हायला हवे. आमची हेराल्ड बारशाच्या पाळण्यासारखी हलत राहिली. आईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले आणि विचारले, “नाव काय ठेवताय?”

स्प्रिंग गाडीचा भार उचलते. पण दाबलेली स्प्रिंग उसळते आणि उसळतच राहते. ती उसळी गिळायचे काम शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे. त्याच्या नळीत तेल असते आणि दट्ट्याला बारीक भोके असतात. दट्ट्या खालीवर होताना तेलाला त्या भोकांतून रेटून जावे लागते आणि उसळीचा जोर तिथे उष्णतेच्या रूपाने संपतो. तेल गळून गेले की राहते नुसती नळी. आमच्या चारही नळ्यांवर तेलाचे ओघळ होते आणि ओघळांवर धूळ बसली होती. नवे चार शॉक माझ्या पुतण्याने इंग्लंडातून पाठवले. स्पिटफायरचे वेड तिकडे अजून टिकून आहे. त्या पुण्याईवर हेराल्डचेही सुटे भाग मिळतात.

आता पाने! या गाडीचे नट-बोल्ट इंचातले, आणि बाजारात सगळे पाने मिलिमीटरचे. तेरा मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटाला बसल्यासारखा वाटतो आणि नेमक्या जोर लावायच्या वेळी नटाचे कोपरे सोलतो. उपाय मिळाला गल्लीतच. तिथे ट्रॅक्टर दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. “म्याडम, जुन्या म्याशी ट्रॅक्टरला इंचाचेच नट हायेत की,” म्हणत त्यांनी गोणपाटात गुंडाळलेले पाने काढून दिले. अर्ध्याचा, सात-सोळाचा, नऊ-सोळाचा. भाडे एकच: काम चालू असताना त्यांना बघायला बोलवायचे.

पहिल्या दिवशी जॅक लावला आणि गाडीऐवजी जॅकच खाली गेला. आमच्या अंगणातली काळी माती दिसायला टणक, पण एका जागी भार पडला की गिळते. मग जाड फळ्या टाकल्या, त्यांवर जॅक, आणि गाडी उचलल्यावर चासीखाली लोखंडी घोड्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, हा अण्णांचा दंडक. ते शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसत. त्यांचे हात थरथरतात, त्यामुळे पाना माझ्या हातात आणि जीभ त्यांच्या तोंडात, अशी कामाची वाटणी होती.

हेराल्डचे एक सुख आहे. तिचे बॉनेट मडगार्डांसकट पूर्ण पुढे उलटते. मग पुढचे शॉक समोर अगदी ताटात वाढल्यासारखे दिसतात: वरच्या बाजूला तीन नट, खालच्या बाजूला एक बोल्ट. तीन नट पंधरा मिनिटांत निघाले. खालच्या एका बोल्टने दीड दिवस खाल्ला! तो आपल्या बुशाच्या नळीत गंजून एकजीव झाला होता. डिझेल पाजले, रात्रभर ठेवले, हातोडीने ठोकले, पुन्हा पाजले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कर्रकन हलला, तेव्हा मिस्त्रींनी टाळी वाजवली.

पुढच्या शॉकवर स्प्रिंग चढवलेली असते. ती दाबून धरल्याशिवाय वरचा नट सोडला तर ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. समोरासमोर दोन दाबपट्ट्या लावून, दोन्हींचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळत ती आखडून घ्यावी लागते. त्या वेळी अण्णा खुर्चीवरून उठले, काठी टेकत आले आणि मला बाजूला सरकवले. “स्प्रिंगच्या तोंडासमोर बसू नकोस. अडवी बस.” या वयातही त्यांच्या आवाजात दवाखान्यातला तो जुना हुकूम होता. मी मुकाट्याने अडवी बसले.

आता माझ्या शहाणपणाची हकीकत सांगते. जुन्या लोखंडी चाकांवर गंजाचे पापुद्रे धरले होते, म्हणून मी येतानाच एका दुकानातून चार चकचकीत अ‍ॅलॉय चाके घेतली होती. तेरा इंची, चार भोकांची. दुकानदार म्हणाला, “चार भोकांच्या सगळ्या गाड्यांना बसतात.” मी एक चाक लावले. बसले! चारही नट आवळले गेले. मी अभिमानाने अण्णांकडे पाहिले. ते म्हणाले, “चाक फिरव.” मी फिरवले. “पुन्हा फिरव. डोळ्यांनी नाही, काडी लावून बघ.” रिमच्या कडेजवळ खराट्याची काडी धरली, चाक काडीला एका बाजूला घासत होते आणि दुसऱ्या बाजूला सुटत होते. त्यांनी पोलादी पट्टी मागितली. हेराल्डच्या समोरासमोरच्या दोन बोल्टांमधले अंतर पावणेचार इंच, म्हणजे ९५.२५ मिलिमीटर. नव्या चाकाच्या भोकांमधले अंतर १००. भोके मोठी होती, म्हणून बोल्ट त्यांतून गेले. पण नटाचा निमुळता भाग भोकाच्या खळग्यात बसलाच नव्हता, एका कडेवर चढून राहिला होता. असे चाक घट्ट लागते, काही मैल चालतेही. मग नट ढिले होतात, किंवा बोल्ट तुटतात.

पावणेपाच मिलिमीटर! मी त्या चाकांवर माझ्या म्हाताऱ्या आईवडिलांना बसवून जांबला निघणार होते. रात्री मला झोप आली नाही. चाके दुकानदाराने परत घेतली नाहीत. ती माळ्यावर पडून आहेत.

मग जुनीच चाके जालन्याला नेली, वाळूच्या फवाऱ्याने गंज उडवला, लेथवर फिरवून पाहिली. एका चाकाला भोकाजवळ केसाएवढी चीर निघाली. ते बाद केले आणि स्टेपनीचे चाक त्या जागी आले. रंग देऊन, नवे १४५ चे रेडियल टायर चढवले. जुन्या रिमचा भरवसा नको म्हणून आत ट्यूब घातल्या.

मागचे शॉक त्या मानाने सोपे. फक्त चासीवर टांगलेल्या गाडीचा मागचा शॉक सोडण्यापूर्वी चाकाच्या सांध्याखाली जॅक द्यावा लागतो, नाहीतर पाय सैल लोंबतो आणि ब्रेकच्या नळीला ताण बसतो. या गाडीचा मागचा आस अखंड नाही. दोन्ही चाके पंखांसारखी स्वतंत्र हलतात. भरधाव वळणावर एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर मागचे चाक पोटाखाली दुमडू पाहते. अण्णांनी आम्हा दोघांना गाडी शिकवताना पहिला धडा हाच दिला होता: वेग कमी करायचा तो वळणाआधी. १९७२ साली हेराल्डच्या जागी गॅझेल आली, तिला कारखान्याने मागे साधा अखंड आसच दिला.

मार्चअखेर सारे जमत आले. राहिले होते वंगण. मी ग्रीसगन घेऊन पुढच्या चाकाच्या खालच्या सांध्याकडे वळले, तोच अण्णा ओरडले, “ग्रीस नाही! तिथं तेल. नव्वद नंबरचं.”

हा सांधा म्हणजे या गाडीचे आणि स्पिटफायरचे मर्म. चाक धरून ठेवणारा उभा लोखंडी दांडा खाली स्क्रूसारख्या आट्यांनी एका पितळी ठोकळ्यात बसवलेला असतो, आणि स्टिअरिंग फिरवले की तो त्या आट्यांवरच फिरतो. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, सुकून घट्ट होते. वरून पाणी शिरते, लोखंड गंजते, आणि एके दिवशी दांडा मोडून चाक आडवे पडते. शॉक नवा असो की चाक नवे, तिथे त्यांचा काही उपयोग नाही. अण्णा वाकू शकत होते तोवर दर दोन-तीन महिन्यांनी स्वतः तेल भरत. पुढे हे काम दुसऱ्यांकडे गेले, आणि दुसऱ्यांकडे ग्रीसगन होती.

“उघडून बघ,” ते म्हणाले. मिस्त्रींनी उजवी बाजू उघडली, बरी निघाली. डावी काही केल्या सुटेना. अण्णा हसले. “उलटे आटे आहेत तिकडे. दुसऱ्या बाजूनं फिरवा.” सुटली. आत पिवळ्या मेणासारखे वाळके ग्रीस होते. ते खरवडल्यावर आट्यांच्या वरच्या अंगाला गंजाने पडलेले खोल खड्डे दिसले. अण्णांनी तो दांडा हातात घेऊन उन्हात फिरवला. पूर्वी ते एक्स-रे असेच खिडकीपाशी धरून पाहत.

“हा नाही चालायचा,” ते म्हणाले.

रामनवमीला सहा दिवस होते. मी म्हणाले, “अण्णा, जाऊन येण्यापुरता चालेल. हळू जाऊ.” भाऊही फोनवर तेच म्हणाला. मिस्त्री काहीच बोलले नाहीत. अण्णांनी दांडा माझ्या हातात ठेवला. “पेशंटला हे सांगितलं असतंस का?”

रामनवमी गेली. त्या दिवशी अण्णांनी घरीच सुंठवडा वाटला आणि शेडकडे पाठ करून बसले. पुतण्याने पाठवलेला नवा दांडा मेच्या दुसऱ्या आठवड्यात आला. तो बसवला, डाट काढून तेल भरले, वरून तेलाचा थेंब डोकावेपर्यंत. गाडी चाकांवर उतरवल्यावर ती मागच्या पायांवर उकिडवी बसल्यासारखी उंच दिसत होती. दहा पावले पुढेमागे ढकलली तेव्हा नीट बसली. बुशांचे बोल्ट सगळ्यांत शेवटी, गाडीचा भार चाकांवर आल्यानंतर आवळले. आधी आवळले तर रबर पिळलेल्या स्थितीतच धरले जाते आणि लवकर फाटते. आई म्हणाली, “तिचे गुडघे झाले असतील तर आता माझ्याकडे बघा.”

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. मी चालवत होते, अण्णा शेजारी, आई आणि भाऊ मागे. गावाबाहेर पहिला गतिरोधक आला. अण्णांनी डोळे मिटले. गाडी चढली, उतरली, बसली.

“दीड,” अण्णा म्हणाले.

“एकच होता अण्णा! एकदाच उसळली.”

“दीड. मागचा डावा पुन्हा बघायला हवा.”

पुढच्या गतिरोधकाला भाऊही मोजू लागला; त्याच्या मते सव्वा. जांबला पोचेपर्यंत हा वाद मिटला नव्हता. देवळाजवळ गाडी थांबवली, तर अण्णा उतरेनात. डिकीकडे बोट दाखवून भावाला म्हणाले, “पाना काढ. नवीन लावलेल्या चाकांचे नट पहिल्या प्रवासानंतर पुन्हा आवळायचे असतात.” भाऊ चांगल्या धोतरानिशी धुळीत बसला. सोळाच्या सोळा नट झाले. एक पाव आटा फिरला, असे त्याने सांगितले. मग अण्णांनी काठी मागितली आणि आम्ही दर्शनाला निघालो.