साखरेची कांती

नवरा-नवरीच्या पुतळ्यांची ऑर्डर देताना फोनवरचं शेवटचं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं, "आणि ताई, नवरीचा रंग जरा उजळ घ्या हं." बोलणारी मुलीची आई असते, नाहीतर मावशी. मी हो-नाही काहीच म्हणत नाही. फोटो तेवढा मागते. दिवसाउजेडी खिडकीपाशी काढलेला, फिल्टर आणि मेकअप दोन्ही नसलेला.

केकवरच्या या बाहुल्या फॉन्डंटच्या असतात. पिठीसाखर, जिलेटिन किंवा डिंक, ग्लुकोज आणि थोडं ग्लिसरीन यांचा हा मळता येणारा गोळा. पुतळ्यासाठी त्यात किंचित सीएमसी पावडर घातली की तो सुकून कडक होतो आणि मान लवंडत नाही. नाक-डोळे काढणं सरावाने जमतं. खरी परीक्षा कांतीची. साडीचा हिरवा थोडा इकडेतिकडे झाला तरी कुणाच्या लक्षात येत नाही, चेहऱ्याचा रंग चुकला तर चार वर्षांचं पोरही म्हणतं, "ही काकू नाहीये."

बाजारात 'स्किन टोन' असं लिहिलेली जेल रंगाची बाटली मिळते. पांढऱ्या फॉन्डंटमध्ये ती मळली की बऱ्याचदा असा गुलाबी येतो, जो आमच्या सात पिढ्यांत कुणाचा नसेल. ही खोड जुनी आहे. क्रेयोला या अमेरिकन कंपनीच्या खडूंतही 'फ्लेश' नावाचा फिकट रंग होता, १९६२ साली त्याचं नाव 'पीच' झालं. मी ती बाटली घेतच नाही. पिवळा, लाल, तपकिरी आणि निळा एवढे जेल रंग मला पुरतात. पातळ रंग मात्र नको, त्यातल्या पाण्याने साखर विरघळते आणि गोळा चिकट होतो.

कातडीला रंग देतं ते मुख्यतः मेलॅनिन, आणि खालून झिरपणारी रक्ताची लाली. त्यामुळे गोऱ्यापान माणसापासून काळ्या माणसापर्यंत सगळ्यांचे रंग नारिंगीच्याच घराण्यातले. कमी-जास्त होतो तो गडदपणा. गव्हाळ रंगासाठी मी पांढऱ्या गोळ्यात पिवळा आणि त्याहून कमी लाल घालते, मग तपकिरीचा ठिपका. फार भडक नारिंगी दिसला तर टूथपिकच्या टोकावर मावेल इतका निळा. फार गुलाबी झाला तर पिवळ्या-निळ्याचा केलेला कणभर हिरवा, कारण हिरवा लालाला मारतो. टूथपिक दर वेळी नवी, नाहीतर बाटलीतला रंग बिघडतो.

रंग थेट सगळ्या गोळ्यात घालत नाही. आधी लिंबाएवढी गडद गोळी करते आणि ती थोडी थोडी पांढऱ्यात मिसळत जाते. हाताला वनस्पती तूप लावायचं. कॉर्नफ्लोअर जास्त वापरलं तर रंगावर राख फासल्यासारखी पांढुरकी झाक येते. मळून झालं की गोळा सुरीने मधोमध कापून बघायचा, आत रेघा दिसल्या तर अजून मळायचा. मग प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवायचा. लाल आणि तपकिरी सकाळपर्यंत आणखी चढतात, म्हणून हवा त्याच्या एक पायरी अलीकडेच थांबते. चेहरा, कान, हात, पाय सगळ्यांचा रंग एकाच वेळी करून ठेवते. उरलेल्या एका कानासाठी तोच रंग पुन्हा जुळवणं हे कामच नको.

सावळ्या आणि काळ्या कांतीची रीत वेगळी. नवखे लोक गव्हाळ रंगात काळा टाकतात आणि आजारी, राखाडी चेहरा तयार करतात. पांढऱ्या फॉन्डंटला रंगवून गडद तपकिरीपर्यंत नेण्यातही अर्थ नाही. इतकं जेल लागतं की गोळा सैल पडतो आणि चव कडवट होते. मी सुरुवातच चॉकलेट फॉन्डंटने करते. त्यात लाल आणि थोडा पिवळा मिसळला की कांती जिवंत होते. कोकोने गोळा कोरडा पडतो, तेव्हा वनस्पती तुपाचा हात जरा जास्त लागतो.

माझं माहेर पेणचं. गणपतीच्या कारखान्यांत लहानपणी पाहिलेलं कामी येतं ते इथे. अंगाचा एकसारखा रंग दिल्यावर कारागीर गालांवर, पापण्यांपाशी गडद छटा फवारायचे, तोवर मूर्ती नुसती रंगवलेली दिसायची. मी खाण्याच्या कोरड्या रंगाची भुकटी मऊ ब्रशने गाल, कोपर आणि बोटांच्या सांध्यांवर फिरवते. सावळ्या गालावर फिकट गुलाबी लावली तर पावडर सांडल्यासारखी दिसते, तिथे विटकरी किंवा मरून. आणि तळहात अंगापेक्षा उजळ ठेवायचा. हे विसरलं तर बाहुली हातमोजे घातल्यासारखी वाटते.

पावसाळ्यात या सगळ्यावर पाणी पडतं, अक्षरशः. साखर हवेतला ओलावा ओढते, फ्रिजमधून काढलेल्या पुतळ्याला घाम फुटतो आणि लिपस्टिक हनुवटीवर उतरते. म्हणून पुतळे फ्रिजबाहेर डब्यात राहतात आणि केकवर शेवटी चढतात. उन्हाचंही वावडं. एरिथ्रोसिनसारखे गुलाबी रंग उजेडात फिके पडतात, मग गालांची लाली जाऊन चेहरा पिवळट उरतो. वर हॉलमधले जांभळे दिवे! त्यांच्याखाली कुठलीच कांती खरी दिसत नाही, माणसांचीही.

उजळ रंगाच्या मागणीवर मी एक तोडगा काढला आहे. तीन छटांच्या पातळ चकत्या लाटते, सुकवते आणि बटर पेपरमध्ये गुंडाळून नवरीच्या घरी पाठवते. फोनच्या पडद्यावर प्रत्येकीला रंग वेगळा दिसतो, म्हणून फोटो पाठवत नाही. सोबत चिठ्ठी : उन्हात न जाता, खिडकीपाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला धरून बघ आणि क्रमांक कळव. चिठ्ठी नवरीच्या नावाने असते, तिच्या आईच्या नव्हे. पुतळा तिने कळवलेल्या क्रमांकाचा होतो. नंतर मावशीचा फोन आलाच, तर मी चकती क्रमांक दोन एवढंच सांगते.