डिफरन्शियलमध्ये कोणते तेल घालावे?

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने निघालात की शेंद्रा औद्योगिक वसाहत लागते. तेथे माल उतरवायला उभा असलेला एखादा ट्रक, चालकाला विचारून, मागच्या बाजूने थोडे वाकून पाहा. मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्यासारखा फुगीर भाग दिसेल. हाच डिफरन्शियल. इंजिनाकडून येणारा लांब दांडा येथे संपतो. त्याच्या टोकाचे लहान दंतचक्र, म्हणजे पिनियन, मोठ्या क्राउन चक्राला फिरवते आणि त्यातून चाके फिरतात. या भोपळ्यात मोठ्या ट्रकच्या बाबतीत दहा-पंधरा लिटर तेल असते. ते नेहमीचे खनिज तेल असावे, की दुपटीहून महाग असे सिंथेटिक? ट्रकमालकांत यावर वाद चालतो. चुकीच्या तेलाने क्राउन-पिनियन गेले तर खर्च मोठा आणि गाडी कित्येक दिवस उभी, म्हणून वाद पोटतिडकीचा असतो.

आधी तेलाला काय सोसावे लागते ते पाहू. भरलेला ट्रक मुंबईकडून कसारा घाट चढतो आहे. समजा, डिफरन्शियलमधून १०० किलोवॅट शक्ती जाते आणि तिच्यापैकी ४ टक्के घर्षणात वाया जाते. म्हणजे ४ किलोवॅट उष्णता. घरातला गीझर बहुधा २ किलोवॅटचा असतो. असे दोन गीझर त्या दहा-पंधरा लिटर तेलात सतत चालू आहेत असे समजा! चढावर वेग कमी, म्हणून वाराही कमी लागतो. तेलाचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ शकते.

शिवाय अनेक ट्रकांत पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्याच्या थोडा खाली असतो. या रचनेला हायपॉइड म्हणतात. तिच्यात दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात. दाब एवढा, की तेलाचा थर दबून धातूला धातू भिडू लागतो. म्हणून तेलात गंधक व स्फुरद यांची संयुगे मिसळतात. गिअर ऑइलचा तो उग्र वास त्यांचाच. दाते तापले की गंधक लोखंडाशी संयोग पावून पातळ थर तयार करते, तो झिजतो, पुन्हा तयार होतो, आणि दाते एकमेकांना चिकटत नाहीत. डब्यावरील ‘जीएल-५’ ही खूण या संरक्षणाची आहे. ती खनिज तेलालाही मिळते आणि सिंथेटिकलाही. म्हणजे पहिला प्रश्न तेल कशापासून बनले हा नाहीच. खूण कोणती हा आहे. (हेच जीएल-५ तेल गिअरबॉक्समध्ये मात्र न विचारता ओतू नये. तेथील पितळी-कांस्य भागांना ते बाधू शकते.)

मग फरक कोठे पडतो? ‘तेल दाट तितके चांगले’ हे मत गॅरेजांत ऐकू येते, पण दाटपणा, म्हणजे श्यानता, तापमानाबरोबर बदलते. घरी करून पाहा. सुई आणि दट्ट्या काढलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीत गोडे तेल भरा आणि ते गळून जायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग तेच तेल उन्हात तापवून पुन्हा मोजा.

गिअर ऑइलचेही असेच आहे. ९० क्रमांकाचे साधे खनिज तेल आणि ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक तेल घ्या. १०० अंशांना दोन्हींची श्यानता सुमारे १६ ते १८ सेंटिस्टोक. ४० अंशांना, म्हणजे मे महिन्यातील शेंद्र्याच्या दुपारी, खनिज तेल १९० च्या आसपास, सिंथेटिक ११५ च्या. डिसेंबरच्या १० अंशांच्या पहाटे खनिज तेल दीड हजारांवर जाते, सिंथेटिक सहाशेच्या जवळ राहते. गंमत अशी की १२० अंशांना दोघांत जवळजवळ फरकच उरत नाही! ‘सिंथेटिक तेल तापल्यावर जास्त दाट राहते’ ही समजूत या जोडीपुरती तरी खरी नाही.

गरम असताना सिंथेटिकचा फायदा निराळा आहे. खनिज तेलात लहानमोठ्या, सरळ-फाटेदार अशा नाना रेणूंची सरमिसळ असते. काही रेणू हवेतील ऑक्सिजनला लवकर बळी पडतात. सिंथेटिक तेलाचे रेणू कारखान्यात ठरवून घडवलेले, बरेचसे एकसारखे. तापमान दर १० अंशांनी वाढले की ऑक्सिडीकरणाचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम आहे. १२० अंशांवर खनिज तेल ९० अंशांच्या मानाने आठपट वेगाने म्हातारे होईल. सिंथेटिक जास्त टिकते, म्हणून बदलण्याचे अंतर वाढते.

आता हिशेब. एक ट्रेलर न्हावा-शेवाच्या फेऱ्या करतो, वर्षाला १ लाख किलोमीटर. लिटरला ४ किलोमीटर धरले तर २५,००० लिटर डिझेल लागते. सिंथेटिकने अर्धा टक्का वाचला असे मानले तर १२५ लिटर. तेलाची वाढीव किंमत सहज निघते, कदाचित वर उरतेही. दुसरा ट्रक शेंद्रा ते वाळूज एवढ्याच फेऱ्या करतो, वर्षाला १५,००० किलोमीटर. छोट्या फेरीत तेल पुरते तापतच नाही, दाट राहते, म्हणून बचत जरा जास्त, १ टक्का धरू. तरी ती सुमारे ३७ लिटरच. आणि तेल न तापल्याने ते लवकर म्हातारेही होत नाही. अशा ट्रकला मी खनिज तेलच घालीन, उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचे, आणि वेळेवर बदलीन. वर्षातून दोनदा पातळीची चकतीही उघडून पाहीन, कारण गळक्या सीलमधून निम्मे तेल गेलेल्या भोपळ्यात उरलेले तेल कोणत्या जातीचे आहे याने काहीच फरक पडत नाही.