शेजारचा खोंड आणि आपली कालवड

सुगी आटोपली, शिवार मोकळे झाले, की आपल्याकडे गुरांची दावी सुटतात. ‘चार महिने बांधून होती, फिरू द्या जरा,’ म्हणून घरधनी निर्धास्त होतो. बांधावरची भांडणे नेमकी याच दिवसांत पिकतात. कुणाचा कडबा खाल्ला, कुणाचा घास तुडवला, यावरून बोलाचाली होते आणि दोन दिवसांत विरूनही जाते. पण शेजारचा खोंड आपल्या दहा-अकरा महिन्यांच्या कालवडीवर उडून गेला, तर ते नुकसान त्या दिवशी दिसत नाही. ते नऊ महिन्यांनी गोठ्यात दिसते.

शेतकरी बंधु-भगिनींनो, विषय थोडा संकोचाचा आहे. घरातल्या बायकांच्या तो नजरेस पडतो, पण त्या बोलत नाहीत; पुरुषांना कळते ते पोट दिसू लागल्यावर. हा संकोच फार महागात पडतो.

पूर्वी गावठी कालवड अडीच-तीन वर्षांची झाल्यावर माजावर यायची. तोवर तिचे अंग भरलेले असे. जर्सी किंवा होल्स्टीन संकराची, खाऊनपिऊन असलेली कालवड मात्र वर्षाच्या आतबाहेर माज दाखवते. संकरित खोंडही त्याच वयात फळवू लागतो. आपल्याला दोन्ही वासरेच वाटतात, म्हणून एकत्र चरायला सोडतो. माज आला म्हणजे कालवड वेतासाठी तयार झाली, असे मुळीच नाही. वजन २५० किलोच्या आसपास आणि वय सव्वा ते दीड वर्ष झाल्याशिवाय तिला भरवू नये. त्याआधी तिचे कटीचे हाड अरुंद असते. वासरू वाटेत अडते.

आमच्या भागात एका वस्तीवर असेच झाले. दोघा भावांची वाटणी झालेली, मने आधीच आंबट. थोरल्याचा खोंड धाकट्याच्या कालवडीला लागला. धाकट्याच्या घरच्या बाईने तो प्रकार पाहिला होता. पण ‘पुन्हा दिरांशी भांडण नको’ म्हणून ती गप्प राहिली. पुढे कालवड अडली. चार माणसांनी दोर लावून वासरू ओढले, ते मेलेलेच निघाले. कालवड पुन्हा उठली नाही. डॉक्टरांना बोलावले ते त्यानंतर. भांडण टाळायचे म्हणून जी गोष्ट झाकली, तिच्यावरूनच दोन घरांचे बोलणे बंद झाले.

म्हणून असे काही घडले तर त्याच दिवशी तारीख लिहून ठेवा. गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिली तरी चालेल. मग पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. लहान कालवडीचा नको असलेला गाभ सुरुवातीच्या काळात डॉक्टर इंजेक्शनने मोकळा करू शकतात. हे इंजेक्शन त्याच दिवशी देऊन उपयोग नसतो. साधारण आठवडा उलटल्यावर ते काम करते. तारखेला महत्त्व आहे ते यासाठी. मात्र फार उशीरही करू नका; गाभ मोठा झाल्यावर उपाय अवघड आणि धोक्याचा होतो. हे औषध दुकानातून आणून स्वतः टोचू नका. गरोदर बाईने आणि दमेकऱ्याने तर त्याला हातही लावू नये. पपई, गरम काढे, पोट दाबणे हे प्रकार निव्वळ जनावराचे हाल आहेत.

मोठी गाय असेल तर घाबरण्याचे कारण नाही. एकवीस दिवसांनी माज परत येतो का, ते पाहा. नाही आला, तर दोन-तीन महिन्यांनी गाभण तपासणी करून घ्या. एक मात्र सांभाळा. सकाळी मोकाट वळू लागला आणि संध्याकाळी तुम्ही कृत्रिम रेतन केले, तर होणारे वासरू कुणाचे हे सांगता येत नाही. नोंदीत तसे लिहा. उद्या ती कालवड विकताना ‘अमुक वळूची’ म्हणून सांगणे ही फसवणूक होईल.

गावभर फिरणाऱ्या वळूबरोबर रोगही फिरतात. सांसर्गिक गर्भपात हा त्यांतला वाईट रोग. कच्च्या दुधातून आणि पडलेल्या गाभाला उघड्या हाताने शिवल्याने तो माणसालाही होतो. मादी वासरांना ४ ते ८ महिन्यांच्या वयात एकदाच त्याची लस टोचतात. ती चुकवू नका.

पण खरा उपाय खोंडाच्या मालकाच्या हाती आहे. ट्रॅक्टर आल्यापासून खोंडाला काम नाही, आणि २०१५ पासून गोवंशहत्याबंदी खोंड-बैलांनाही लागू झाल्याने गिऱ्हाईकही नाही. मग दावे सोडून मोकळे होतात. खोंड ठेवायचा तर वेळीच खच्ची करा, आणि तेही डॉक्टरांकडून, भूल देऊन. दगडाने ठेचण्याची जुनी रीत निर्दय आहे. चिमटा लावल्यावरही महिना-दीड महिना तो फळवू शकतो, तोवर बांधूनच ठेवा. देवाला सोडलेल्या वळूची गोष्ट नाजूक असते. तिथे एकट्याने धाव घेऊ नये, ग्रामसभेत विषय काढावा. कालवडीच्या डॉक्टरांचा खर्च खोंडाच्या मालकाने द्यावा, असे माझे मत आहे. गावाने एकदा बसून हे ठरवून टाकले तर दरवेळी तंटा होणार नाही.

परके जनावर शेतात शिरले तर त्याच्यावर कुऱ्हाड फेकू नका. उन्हात बिनपाण्याचे बांधूनही ठेवू नका. पकडलेले जनावर २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावे, असे १८७१ सालच्या कायद्यातच म्हटले आहे. त्याआधी कानातला पिवळा बिल्ला पाहा. त्यावर १२ आकडी क्रमांक असतो आणि दवाखान्यात त्यावरून मालक सापडू शकतो.

शेळ्या पाळणाऱ्यांना हीच गोष्ट आणखी लवकर गाठते. नर करडू चौथ्या-पाचव्या महिन्यातच बहिणीवर, आईवर उडू लागते. तिसरा महिना संपला की नर वेगळे बांधा, आणि कळपातला बोकड दोन वर्षांनी शेजारच्या गावातल्या चांगल्या बोकडाशी बदलून घ्या. नाहीतर त्याच्याच लेकी त्याच्यापासून गाभण राहतात, आणि करडे दुबळी निघाली की आपण दोष चाऱ्याला देतो.